भासऱ्यांच्या नावावरची गाडी

आमचे हे गेले त्याला सात महिने झाले होते आणि मी एकदाही रडले नव्हते. लोक म्हणत, बाई धीराची आहे. धीर कसला डोंबलाचा! दाताच्या डॉक्टरनं सुई दिली की गाल आपला राहत नाही, चहा ओघळला तरी कळत नाही, तसं झालं होतं. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, त्यामुळे कामं मात्र एकामागून एक उरकत गेली. पेन्शनचे कागद झाले, बँक झाली, कपडे वाटून झाले, चष्मे कुणाला तरी देऊन टाकले. राहिली होती ती फक्त गाडी.

गाडी जपानी, राखाडी रंगाची, डिकीवाली. आधी ती माझ्या भासऱ्यांची, म्हणजे ह्यांच्या थोरल्या भावाची. ते अकोल्याला वकील. त्या कंपनीचं त्यांना भारी वेड. गाड्या बनवायच्या आधी ती कंपनी कापड विणायचे माग बनवायची, ही गोष्ट ते प्रत्येक पाहुण्याला सांगत. "कापूस आपला अन् माग त्याहिचा, म्हणजे जुनी सोयरीकच झाली ना!" तीन वर्षं वापरून त्यांनी ती ह्यांना विकली, तेव्हा गाडीबरोबर ही गोष्टही आमच्या घरी आली. मग हे सांगायला लागले. कॉलेजात इतिहास शिकवणारा माणूस, त्याला आयताच विषय मिळाला. मी शंभर वेळा तरी ऐकली असेल. मला माग आणि जपान दोन्हीचा वीट आला होता.

पण गाडी खरंच चांगली होती, खोटं कशाला बोलू? ती बिघडायचीच नाही. आमचे मिस्त्री बोनट उघडायचे, आत बघायचे, परत लावायचे. म्हणायचे, "मॅडम, असल्या गाड्या सगळ्यांनी घेतल्या तं आम्ही खायाचं काय?" तिच्या मालकांचा एक मोबाइलवरचा ग्रुप होता, त्यात हे दिवसभर. कोणाची किती लाख किलोमीटर झाली, कोणी अजून क्लच बदलला नाही, हीच चर्चा. पुढे कंपनीनं ते मॉडेल बंद केलं आणि उंच, दांडग्या गाड्या विकायला लागली, तेव्हा ग्रुपवर सुतक पडल्यासारखं झालं. मी म्हटलं, अहो, गाडी गेली तर एवढं, मी गेले तर काय कराल? "तुले कोण बंद करते?" हे म्हणाले.

तर ती गाडी ह्यांच्या नावावर कधी झालीच नाही. घेतली पितृपक्षाच्या आदल्या आठवड्यात. भासऱ्यांनी कागदांवर सह्या करून दिल्या, पण माझे सासरे तेव्हा होते. ते जोशी, सगळ्या गल्लीचे मुहूर्त काढणारे. ते म्हणाले, पितरांच्या दिवसांत नाव लावायचं नाही. मग दसऱ्याला ह्यांच्या राशीला काहीतरी आडवं आलं. मग दिवाळीनंतर बघू. मग सासऱ्यांनी स्वतः काढलेल्या तारखेला आरटीओला सुट्टी निघाली! सह्या केलेले कागद गाडीच्या कप्प्यात पडून राहिले. घरातल्या घरातली गाडी, घाई कोणाला होती?

त्यानंतर वर्षभरानं अकोल्यात भासऱ्यांच्या मुलाचं लग्न झालं. लॉनच्या दारात रखवालदार आमची गाडी हटवा म्हणून ह्यांच्याशी वाद घालत होता. भासरे लांबूनच ओरडले, "राहू दे बे, माहीच गाडी हाय ते!" बस. एवढंच वाक्य. ह्यांनी किल्ली काढली, मला गाडीत बसवलं आणि आम्ही न जेवता अमरावतीला परत आलो. बडनेऱ्याला ह्यांनी पेट्रोल भरलं. मग म्हणाले, "त्याची हाय ना? राहू दे मंग त्याच्याच नावावर." अकरा वर्षं दोघं भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तसं आमच्या सासरचं रक्त. मी सांगून पाहिलं, भांडून पाहिलं, शेवटी सोडून दिलं.

हे गेले तेव्हा जाऊबाई एकट्याच रेल्वेनं आल्या. "त्यायची तब्येत बरी नाही," म्हणाल्या. तब्येत! सख्खा भाऊ गेला आणि भासऱ्यांना तब्येत आठवली. मी त्यांना पाणीसुद्धा धड विचारलं नाही.

आणि आता सात महिन्यांनी गाडीला पंधरा वर्षं पूर्ण होत होती. आरटीओत एक एजंट आहे, बरा माणूस आहे. त्यानं कागद उलटेपालटे करून बघितले. म्हणाला, "मॅडम, ह्या जुन्या सह्या आता चालत नाही. मूळ मालकाची नवीन सही आणा, ह्या फॉर्मवर. महिनाअखेरपर्यंत. नाही तं गाडी रस्त्यावर काढता येणार नाही. उभी करून ठेवा, नाही तं भंगारवाला पाहा."

भंगारवाला म्हटल्यावर माझ्या पोटात काहीतरी हललं. सात महिन्यांत पहिल्यांदा. ह्यांचे कपडे देताना हललं नव्हतं, अस्थी सोडताना हललं नव्हतं. मला त्या जागी बसून राहावंसं वाटलं, ते पुन्हा हलतं का बघायला. गाडी गेली तर तेवढंही जाईल, अशी भीती वाटली. मी फॉर्म पर्समध्ये टाकला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अकोल्याला निघाले. गाडी मला ह्यांनीच शिकवली होती, पंचावन्नाव्या वर्षी, विद्यापीठाच्या रस्त्यावर, तोंडाला येईल ते बोलत. रस्ताभर मी भासऱ्यांना काय काय सुनवायचं ते ठरवत होते. मूर्तिजापूरला आम्ही नेहमी चहाला थांबायचो ते हॉटेल आलं आणि गेलं. काही वाटलं नाही.

भासरे जठारपेठेत दुसऱ्या मजल्यावर राहतात. जाऊबाईंनी दार उघडलं. ते गॅलरीत खुर्चीवर बसून खाली बघत होते. खूप वाळले होते. मला बघून म्हणाले, "आली का? अन् तो कुठं? गाडी लावून राहिला वाटते."

माझं टाळकंच सरकलं. सात महिन्यांनी पहिलं वाक्य हे? "दादा, मस्करी करता का?" असं तोंडाशी आलं, तेवढ्यात जाऊबाईंनी माझं मनगट धरलं आणि मला स्वयंपाकघरात ओढत नेलं.

"त्याहिले आठवत नाही," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "दोन वर्षं होऊन राहिले. आधी चाव्या, मंग रस्ते. मंग अशिलासमोर एक दिवस गप्पच बसले. कोणाले कळू दिलं नाही मी. एवढा मोठा वकील, लोकं येडं म्हणतीन."

"पण हे गेले ते तरी..."

"सांगतलं ना वं. तुहा फोन आला तवाच सांगतलं. रडले, रडले, अंघोळ केली, अन् तासाभरानं विचारते, त्याचा फोन होता का? मंग पुन्हा सांगतलं. मंग पुन्हा. चार डाव सांगतलं. दर डावाले नव्यानंच रडते, बाई, जसा आत्ताच गेला. मंग मी सांगणं बंद केलं. आता विचारलं का मी म्हणते, येईन तो, येईन."

मी ओट्याला टेकून उभी राहिले. त्यांनी चहा टाकला. मग त्यांनी फ्रिजवरचा भासऱ्यांचा मोबाइल माझ्या हातात दिला. गाडी त्यांच्या नावावर, म्हणून गाडीचे सगळे मेसेज त्यांच्याकडे. आपल्या गाडीची सर्व्हिसिंग झाली. आपल्या गाडीचं चलान निघालं आहे, परतवाडा रस्ता, वेग जास्त. पुन्हा चलान, मोर्शी नाका, सीटबेल्ट. हे फुशारकी मारायचे की जपानी गाडीला पोलीस हात लावत नाहीत, आपल्याला आजवर एक दंड नाही! सगळे दंड इथून भरले जात होते.

"मेसेज आला का खुश," जाऊबाई म्हणाल्या. "चिखलदऱ्याले गेलता वाटते, म्हणे. बायकोले घेऊन गेला असीन, म्हणे. मी म्हटलं, मंग फोन करा ना! तं नाही. आता किती महिने झाले, मेसेज नाही. दर दोन दिवसाले विचारते, गाडी उभी हाय का वं त्याची?"

अकरा वर्षं हा माणूस दंडाच्या मेसेजवरून भावाची खुशाली घेत होता. ह्यांना एका शब्दानं कळलं असतं तर? मला दोघांचाही भयंकर राग आला. पण तो रागसुद्धा लांबून आल्यासारखा वाटला, शेजारच्या घरातल्या भांडणासारखा.

चहा घेऊन मी गॅलरीत गेले आणि फॉर्म त्यांच्यासमोर ठेवला. वकिलीची सवय गेली नव्हती. त्यांनी चष्मा मागितला, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत बोट फिरवत वाचलं.

"हे काय? मी तं सह्या करून देल्या होत्या. आबा म्हणाले, पितृपक्ष होऊ द्या."

"त्या आता चालत नाहीत, दादा. नवीन करायची आहे."

"करतो ना. गाडी त्याचीच हाय. पण घेणारा कुठं हाय? घेणारा समोर नसला तं मी सही करत नसतो. बोलाव त्याले वर."

जाऊबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "सही पाह्यजे असली तं सांग त्याहिले," त्या म्हणाल्या. "आयकतीन, रडतीन, अन् करतीन सही. मी सांभाळून घेईन मंग."

त्यांचं खरं होतं. एक वाक्य बोलायचं होतं आणि गाडी माझी होती. खरं सांगू? सही हे निमित्तच होतं. मला त्यांना रडताना बघायचं होतं. ह्यांच्यासाठी कोणीतरी माझ्यासमोर पहिल्यापासून रडावं, आणि मी जवळ बसून ते बघावं, म्हणजे ते कसं करतात ते मला कळेल. मला त्या म्हाताऱ्याचा हेवा वाटला. चार वेळा! मला एकदाही नाही.

त्यांनी मान वर केली. भुवया अगदी ह्यांच्यासारख्या. ते वाट बघत होते, तोंडावर हसू होतं.

"ते खालीच थांबलेत, दादा," मी म्हटलं. "गाडी रस्त्यात लागली आहे. जागा नाही."

"मंग तू कायले बसली? जा लवकर, पोलीस येतीन." मग त्यांनी माझा हात धरला आणि आवाज खाली आणला. "त्याले सांगजो. त्या दिवशी लग्नात मी तसं नव्हतं म्हटलं. त्या रखवालदाराच्या डोक्यात शिरावं म्हणून म्हटलं. सांगशीन ना?"

"सांगते."

"लय हट्टी हाय तो. पण आयकते तुहं."

मी फॉर्म घडी करून पर्समध्ये ठेवला. पुढचं इथंच सांगून टाकते. महिना संपला, गाडी पोर्चमध्ये उभी झाली, ती आजही तिथंच आहे. आठवड्यातून एकदा मी ती चालू करते आणि बंद करते. एजंट म्हणतो, मॅडम, काहीतरी मार्ग काढू, कोर्टातून वगैरे. मी हो म्हणते.

जाऊबाई जिन्यापर्यंत आल्या. मी त्यांना मागच्या वेळी पाणी विचारलं नव्हतं त्याबद्दल माफी मागितली, तर "जाऊ दे वं" म्हणाल्या आणि माझ्या हातात चिवड्याचा पुडा कोंबला.

खाली येऊन मी गाडीत बसले. गाडी सुरू केली तसा वरून आवाज आला. भासरे गॅलरीच्या कठड्याला धरून उभे होते आणि पूर्ण ताकदीनं ओरडत होते, ह्यांच्या घरच्या नावानं. "सावकाश जाय रे! पोहोचला का फोन कर!"

मी काच खाली घेतली आणि हात बाहेर काढून हलवला. दुसऱ्या मजल्यावरून त्यांना नुसता हात दिसत असणार. त्या हातात बांगड्या नव्हत्या, त्या बाराव्या दिवशीच बायकांनी काढल्या होत्या. ते वरून दोन्ही हात हलवत होते, हसत होते. मी कोपऱ्यावर वळेपर्यंत हात आत घेतला नाही.