हाफ मॅरेथॉन आणि वंदनाची अट

दुकानात माल पडून राहिला की त्याचा भाव उतरतो. किश्शांचं उलटं. पडून राहिले की भाव खातात. पळायला लागल्यापासून माझ्याकडे इतके साठलेत, की दिल्लीतल्या माझ्या दुकानात पहाडगंजचा हॉटेलवाला चादरी घ्यायला येतो आणि मी आधी त्याच्या गळ्यात एक किस्सा मारतो. बिचारा ऐकतोही. चादरी चांगल्या असतात ना!

सुरुवात मात्र हसण्यासारखी नव्हती. माझे वडील हार्ट अटॅकने गेले, मग थोरला भाऊ तसाच गेला. दोघंही पन्नाशीच्या उंबरठ्यावर. मी त्या उंबरठ्याशी आलो तशी घरात एक शांतता येऊन बसली. डॉक्टरांनी सगळ्या टेस्ट केल्या आणि म्हणाले, ठीक आहे, हळूहळू पळायला हरकत नाही. मी सरळ हाफ मॅरेथॉनला नाव घातलं. एकवीस किलोमीटर.

वंदना, म्हणजे माझी बायको, तेव्हा पोळ्या लाटत होती. लाटता लाटताच तिने एकच अट घातली. "छातीत जरासं जरी काही वाटलं, तर असाल तिथे थांबायचं. शेवट समोर दिसत असला तरी."

मी हो म्हटलं.

*

आमच्या रनिंग ग्रुपचे कॅप्टन सलीम इनामदार. मूळचे सातारचे, इथे केंद्राच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. माणूस फाइलसारखा शिस्तीचा. पहिल्याच दिवशी नेहरू पार्कमध्ये त्यांनी नियम सांगितला: पळताना गप्पा मारता आल्या पाहिजेत. वाक्य तुटायला लागलं की समजायचं, वेग जास्त झाला.

मी सगळा वेळ बोलत होतो. सोलापूरची चादर आणि पानिपतची चादर यांतला फरक, धुलाई, रंग, सगळं. सलीमभाई खूश. आणि एका वळणावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं तर माझे ओठ पांढरे पडलेले! तोंड तरी चालूच होतं.

त्यांनी मला धरून बाकावर बसवलं. पाणी पाजलं.  माझा श्वास खाली बसला तेव्हा म्हणाले, "राजाभाऊ, तुम्ही दुकानदार. तुमचा जीव गेला तरी बोलणं थांबायचं नाही. तुमच्यासाठी नियम उलटा. गप्प पळायचं. बोललात की मी थांबवणार."

*

धुक्याच्या दिवसांत आमची वेगळी रीत. पुढचा दिसत नाही, म्हणून सलीमभाई अधूनमधून "हाजिर?" असं ओरडायचे आणि प्रत्येकाने आपलं नाव सांगायचं. एकदा शांतिपथावरून धौला कुआंकडे निघालो होतो. हाक आली. मी नाव सांगितलं. माझ्या मागे प्राची गायकवाड असायची, मानेसरच्या कार-पार्ट्सच्या फॅक्टरीत इंजिनियर, नागपूरची पोरगी. तिचा आवाज आला नाही.

पुन्हा हाक मारली. काही नाही. रस्त्यावरून ट्रक जात होते. आम्ही दोघं फुटपाथ चाचपत मागे गेलो, हाका मारत. सलीमभाईंचा आवाज फुटायला लागला होता. मी तर फुटपाथच्या कडेला वाकून बघायला लागलो. नको नको ते मनात येत होतं.

तेवढ्यात माझ्या फोनवर मेसेज. 'सॉरी काका, सिग्नलला आमची कंपनीची बस दिसली. चढले.'

सलीमभाई फुटपाथवरच बसले. मग म्हणाले, "चलो. हिच्या गैरहजेरीचं कारण तरी ऑफिशियल आहे."

*

हा किस्सा मी दुकानात सांगत नाही. मी लांब पळायला गेलो की वंदना मधून मधून फोन करायची. मी उचलायचो, "चालू आहे" म्हणायचो, ती ठेवायची. त्या दिवशी ट्रॅकवर एक जुना हॉटेलवाला भेटला. त्याला नवं हॉटेल काढायचं होतं. टॉवेल, पडदे, उशांचे अभ्रे... मी उभा राहिलो तो राहिलोच. फोन खिशात, आवाज बंद.

समोर ऑटो थांबली. वंदना उतरली, घरातल्या चपलांवर. मला पाहिलं. हॉटेलवाल्याला नमस्कार केला आणि त्याच ऑटोत परत बसून गेली.

घरी ती पालक निवडत होती. मी सॉरी म्हटलं. तिने मान वर न करता सांगितलं, "तुमच्या दादांनीही उचलला नव्हता."

त्यानंतर मी फोन हातात धरून पळतो.

*

रेसच्या दिवशी मी गप्प पळालो. सलीमभाई मध्येच पुढे गेले, प्राची केव्हाच दिसेनाशी झाली. सगळं जमत होतं. फिनिशची कमान दिसली, लाउडस्पीकर ऐकू आला, आणि डाव्या बाजूला, बरगडीखाली, सुरी फिरल्यासारखं झालं.

लोक ओरडत होते, "बस आ गया, अंकल!" कमान समोरच होती.

मी थांबलो.

बाजूलाच मेडिकलचा तंबू होता, त्यात जाऊन खाटेवर आडवा झालो. मीच वंदनाला फोन लावला. ती कमानीपाशी उभी होती. "थांबलोय. तंबूत आहे," एवढंच बोललो. पलीकडून फोन कट झाला.

डॉक्टर एक तरुण मुलगी. तिने वायरी लावल्या, कागद काढला, पोटाशी दाबून पाहिलं, दोनदा विचारलं. मग हसली. हार्ट बिल्कुल ठीक आहे, म्हणाली, पळताना बरगडीखाली चमक भरते, तीच ही. थोडं बसा आणि चालत पुरं करा.

तेवढ्यात गर्दीतून वंदना आली. साडीचा काठ मातीने भरलेला, पायात एकच चप्पल. तिला धाप लागली होती. तंबूचा खांब धरून उभी राहिली. डॉक्टरने तिचं मनगट हातात घेतलं, घड्याळाकडे पाहिलं आणि मला म्हणाली, "अंकल, आपका हार्ट ठीक है, आप उठिए. आंटी को लिटाना पड़ेगा."

मी उठलो. ती माझ्या जागेवर आडवी झाली. मी तिथेच उभा.

तिने एक डोळा उघडला. "अहो, बघताय काय? जा ना, कमान राहिलीय. मी थांबलेय."