सभेत गप्प बसलेली माणसं

विट्याच्या स्टँडवर मिरजेची एसटी लागली, तेव्हा आई मला एकच गोष्ट बजावत होती, "थोरल्याच्या शब्दाबाहेर जाऊ नगंस." थोरला म्हणजे दादा. तो शेती बघायला मागं राहिला आणि मी गलाईच्या कामाला सेलमला, तमिळनाडूत आलो. जुनं सोनं भट्टीत गाळून चोख करायचं काम. आमच्या भागातून बाहेर पडलेल्यांना ते सांगायला नको. आता इथं माझं दुकान आहे, सगळे मला अण्णा म्हणतात, आणि पोरं आपापसांत तमिळमध्येच भांडतात.

दोन वर्षांपूर्वी शेजारचा गलाईवाला बस्तान गुंडाळून गावी निघाला. जाताना भावाभावांच्या लढाईचे ते थोरले खंड माझ्या दुकानात ठेवून गेला. घरात ते असले की कटकटी सुरू होतात, असं त्याच्या बायकोचं मत. माझ्याही बायकोचं तेच, म्हणून ते दुकानातच राहिले. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी वाचू लागलो.

मला वाटलेलं, पहिल्या पानापासून बाण सुटणार. कुठलं काय! कोण कुणाचा, कुणी कुणाला शाप दिला, यातच पानंच्या पानं गेली. नावं ध्यानात राहीनात म्हणून तलाठी काढतो तशी वंशावळ वहीत काढली. राग यायचा तो त्यातल्या थोर माणसांचा. सगळं कळतंय आणि तोंड उघडत नाहीत. मी असतो तर ठणकावलं असतं, असं बायकोला ऐटीत सांगायचो.

मग ती सभा आली. बाईला फरफटत आणलंय, ती एक प्रश्न विचारतेय, आणि हे सगळे माना खाली घालून बसलेत. मी पुस्तक मिटलं. वडील गेल्यावर आमच्या बहिणीला, अक्काला, आम्ही दोघा भावांनी विट्याच्या कचेरीत नेलं होतं, जमिनीवरचा हक्क सोडल्याची सही करायला. पेन हातात घेऊन तिनं माझ्याकडं बघितलं. "मी ह्या घरची न्हाई का रं?" दादा खिडकीबाहेर बघत होता. मी बुटाची नाडी बांधत बसलो. अक्कानं सही केली. हे आठवून त्या दुपारी दुकानात बसल्या बसल्या लय लाज वाटली मला.

दादाला फोन करून म्हटलं, अक्काला तिचा वाटा देऊया. तो म्हणाला, सही झाली, विषय संपला, परमुलखात राहून तुझं डोकं फिरलंय. जन्मात पहिल्यांदा त्याला उलटून बोललो. तेव्हापासून तो माझा फोन उचलत नाही.

त्यामुळं यंदाच्या दिवाळीला मी थेट अक्काच्या सासरी उतरलो. माझं गाव म्हणजे आता तिचं घर. तिला म्हटलं, चुकलं माझं, माझ्या हिश्श्यातलं निम्मं रान तुझ्या नावावर करतो. ती भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. हात न थांबवता म्हणाली, "रानाचं काय न्हाई रं. तवा निस्तं 'हाईस' म्हणला असतास, तर मी हसत सही केली असती."