उभं राहायची जागा

वहिनींबरोबर कुठंही गेलं की त्या आधी सांगायच्या ते उभं कुठं राहायचं ते. देव नंतर, धबधबा नंतर, आधी जागा. "तिकडं नको राहू वं, तिथून खांब आडवा येते. इकडं ये, ह्या फरशीवर. हां, आता पाह्य." आणि दंडाला धरून खरोखरच त्या फरशीवर आणून उभं करायच्या. मला राग यायचा. पण समोर पाहिलं की कळायचं, इथूनच दिसतं. आदिलाबादच्या आमच्या कॉलनीत त्यांना सगळे गाईडवहिनी म्हणत. तोंडावर म्हणत, आणि त्यांना ते आवडायचं.

त्यांचे यजमान तहसील कचेरीत होते. ते वारले, पण कचेरीतले शब्द घरात राहिले. कॉलनीतल्या बायकांना घेऊन व्हॅन निघायची तेव्हा वहिनी दारात उभ्या राहून हाजिरी घ्यायच्या. कुणी ऐनवेळी येत नाही म्हटलं तर, "दरखास्त कोठी हाय तुयी? बिनदरखास्तीची रजा मिळत नसते." मी त्यांच्या भिंतीला भिंत लागून राहणारी. विमा कचेरीत नोकरी, लग्न केलेलं नाही, मला विचारणारं कुणी नाही. त्यामुळं माझ्या बाबतीत त्या नुसतं "शोभा, मंजूर" म्हणायच्या आणि माझं नाव धरून टाकायच्या. जैनथचं दगडी देऊळ, बासर, माहूर, पोचेराचा धबधबा, सगळं मी त्यांनी दाखवलेल्या जागेवरून पाहिलं.

कुंतालाच्या धबधब्यावर एकदा खाली पाण्याजवळ एक अनोळखी कुटुंब फोटो काढत होतं. वहिनींना राहवलं नाही. अर्ध्या तेलुगूत आणि अर्ध्या हिंदीत त्यांनी त्या माणसांना हलवायला सुरुवात केली. जावई मागच्या दगडावर, लेक पुढं, म्हातारीला कोरड्या जागी. "पानी पूरा पीछे आना मंगता, ऐसा आधा नहीं." ते लोक आधी चिडले, मग फोटो पाहून हसले, आणि शेवटी त्यांनी डब्यातला पुलिहोरा, म्हणजे चिंचेचा भात, आम्हाला आग्रह करकरून वाढला. येताना व्हॅनमध्ये वहिनी म्हणाल्या, "लोकं पैसे खर्चून जातात अन् चुकीच्या जागी उभे राह्यतात. मले नाही पाहावत."

कोरियाचं वेड लॉकडाऊनमध्ये लागलं. व्हॅन बंद, देवळं बंद, आणि मी त्यांच्या फोनवर हिंदीत बोलणाऱ्या कोरियन मालिका लावून दिल्या. बाकीच्या बायका राजपुत्राकडं पाहायच्या, वहिनी त्याच्या मागच्या राजवाड्याकडं. "थांबव, थांबव. ह्या वाड्यात पाहायची जागा कोठी असन वं?" मग मालिका बाजूला राहिली आणि आम्ही दोघी ठिकाणं शोधायला लागलो. सोलमधला ग्योंगबोकगुंग राजवाडा, त्याच्या दारात रंगीत झग्यांतले पहारेकरी. हान नदीचा काठ, जिथं लोक गवतावर चटया टाकून शेवया खातात. ग्योंगजूमधल्या राजांच्या समाध्या, म्हणजे गावाच्या मधोमध हिरव्या गवताचे गोल डोंगर. तो फोटो वहिनींनी बोटांनी मोठा करकरून पाहिला. "किती आरामात झोपले हायत बापा," एवढंच म्हणाल्या.

"आपुन दोघी जाऊ," असं त्यांनी एक दिवस जाहीर केलं. मी हसले नाही, कारण त्या चेष्टा करत नव्हत्या. रंगीत तालमी सुरू झाल्या. दर रविवारी एक ठिकाण कोरियातलं म्हणून पाहायचं. मावल्याचा तलाव म्हणजे हान नदी. तिथं चटई टाकून, घरून डब्यात नेलेल्या शेवया आम्ही काड्यांनी खायचो आणि निम्म्या शेवया चटईवर सांडायच्या. तिथला जुना पोशाख घालून आलेल्यांना त्या राजवाड्यात तिकीट पडत नाही, हे कळल्यावर वहिनींनी नऊवारी नेसून जायचं ठरवलं. "आमचाही जुना पोशाख हाय म्हणाव. ह्यात काय खोटं हाय?" त्यावर आमचा आठवडाभर वाद झाला. मी त्या दिवसांत इतकी सुखात होते की कचेरीतल्या बाईंनी विचारलं, कुठं ठरलं का काही? मी म्हटलं, हो, ठरलंय.

एकच ठिकाण वहिनींनी झाकून ठेवलं होतं. ग्योंगजूच्या डोंगरावर सोकगुराम नावाची दगडी गुहा आहे, आत बुद्धाची मोठी मूर्ती आहे. तिचा फोटो पाहायचा नाही, व्हिडिओ पाहायचा नाही, कुणी वर्णन करायला लागलं तर उठून जायचं. "एक दर्शन तरी उष्टं नको," त्या म्हणाल्या. "बाकी सगळं फोनात पाहून बसलो आपुन. हे दोघी मिळून पाहू. मलेही ठाऊक नसन कोठी उभं राह्याचं. तिथं गेल्यावर शोधू." वहिनींना जागा ठाऊक नाही अशी जगातली ती एकच गोष्ट होती, आणि ती त्यांनी माझ्याबरोबर वाटून घेतली होती. मला त्याचं अप्रूप वाटायचं.

पुढं आमच्या कचेरीतल्या चौघीजणी एका सहल कंपनीबरोबर कोरियाला निघाल्या. त्यांच्यात अजून दोन जागा होत्या. मी नाव घालायला निघाले, तर वहिनींचं गुडघ्याचं दुखणं उभं राहिलं. "तू जाय. मी राहीन दारात बसून. इतके दिवस काय, शेवयाच खाल्ल्या ना." असं म्हणून त्यांनी तोंड फिरवलं. मी गेले नाही. रजा मंजूर होती ती रद्द केली. जराही वाईट वाटलं नाही. उलट वाटलं, आपण एखाद्यासाठी थांबू शकतो, असं कुणीतरी आपल्याला आहे.

पुढच्याच हिवाळ्याच्या तोंडाशी वहिनी मोतीबिंदू काढायला नागपूरला गेल्या. मुलगा हैदराबादहून येऊन घेऊन गेला. "फोन करू नको माय, डोळ्याले ताण नको म्हणतात डॉक्टर. मीच करीन." मी रोज त्यांच्या तुळशीला पाणी घातलं, संध्याकाळी दिवा लावला आणि त्यांच्या डोळ्यांसाठी शनिवार धरले. परत आल्या त्या काळा चष्मा लावून. मी त्यांना चुलीपुढं जाऊ दिलं नाही. डबा माझ्याकडून. आणि रोज सकाळ-संध्याकाळ त्यांची मान माझ्या मांडीवर घेऊन डोळ्यांत थेंब मी घालायचे. त्या डोळे मिटून पडून राहायच्या, कडेनं औषध ओघळायचं. एकदा म्हणाल्या, "शोभा, तुया हात लय हलका हाय." मला बरं वाटलं.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यांच्या घरी बायका भरल्या होत्या. तेवढ्यात त्यांच्या विहीणबाई, मुलाच्या सासूबाई, नांदेडहून न सांगता आल्या. बोलक्या, मोकळ्या बाई. तिळगूळ हातात घेऊन त्यांनी सरळ सुरुवात केली. "काय सांगू तुम्हाला, त्या कोरियात आमच्या विहीणबाई माझा हात धरूनच चालायच्या बघा. थंडी ती केवढी! आणि राजवाड्यात यांनी नऊवारी नेसली, तर लोक यांच्याबरोबर फोटो काढायला लायनीत." खोलीतल्या बायका हसल्या. फोन हातोहात फिरला. वाड्याच्या दारात वहिनी, हान नदीवर वहिनी, हिरव्या समाध्यांपुढं वहिनी. चष्मा कुठंच नव्हता. डोळे चांगले लखलखीत उघडे.

मी हातातलं वाण धरून तशीच बसले होते. इतके दिवस मी चांगल्या डोळ्यांत औषध घालत होते, हे माझ्या डोक्यात उतरायला वेळ लागला. विहीणबाई पुढं म्हणाल्या, "आणि डोंगरावरच्या त्या गुहेतला बुद्ध! आत फोटो काढू देत नाहीत, पण मी सांगते..." मी उठून स्वयंपाकघरात गेले. इतकं झाल्यावरही मला ते वर्णन ऐकायचं नव्हतं, याचा मला जास्त राग आला.

वहिनी मागोमाग आल्या. "पोरानं अन् सुनेनं ठरवलं. विहिणीचं तिकीट काढलं, मंग मायंही काढलं. मी काय करू? तुले सांगतलं असतं तर तुयं मन मोडलं असतं."

"अन् हे थेंब?" मी विचारलं.

"साधे हायत. थंडाव्याचे." एवढं बोलून त्या ओट्यावरचं फडकं घडी करायला लागल्या.

गेल्याचं मी समजून घेतलं असतं. मुलानं नेलं तर कोण नाही जाणार? मीच त्यांची बॅग भरून दिली असती. पण त्यांनी माझ्याकडून सेवा करून घेतली, माझ्या मांडीवर डोकं ठेवून. जिच्यासाठी थांबले तिनं मला आजारपणाचं नाटक दाखवलं आणि मी त्यात नर्स झाले. मी त्यांच्याशी बोलणं सोडलं. भिंतीला भिंत, पण मी पाणीही दोघींचा नळ सोडून पुढच्या नळावरून भरायला लागले. रविवारी व्हॅन निघायची. हाजिरीत माझं नाव आलं की बाहेर एक क्षण शांत व्हायचं, ते मला घरात ऐकू यायचं.

वर्षानं मुलगा त्यांना कायमचा हैदराबादला न्यायला आला. सामान टेंपोत चढल्यावर वहिनी माझ्या दारात आल्या. आत या म्हटलं नाही, तरी उंबऱ्यावर बसल्या. "एक सांगतो, मंग जातो," त्या म्हणाल्या. "त्या गुहेत मी नाही गेली शोभा. विहीण गेली, सून गेली. मी भाईर घंटेपाशी बसून राह्यली. म्हटलं, पाय दुखून राह्यला माया. ते तुयं-मायं होतं. ते नाही पाह्यलं मी."

मला रडू आलं. अगदी त्यांच्यासमोर आलं. सगळं गेलं असं धरून बसले होते आणि त्यातली एक गोष्ट यांनी राखून ठेवली होती. मी त्यांना टेंपोपर्यंत सोडायला गेले. ड्रायव्हरच्या शेजारी बसून, गाडीत कुठल्या बाजूला बसायचं ते त्यांनी मुलालाच सांगितलं, आणि कॉलनीतल्या बायका हसता हसता डोळे पुसत होत्या.

मग फोन सुरू झाले. रविवारी सकाळी त्या हैदराबादच्या गॅलरीतून बोलायच्या, तिथून कुठल्या कोपऱ्यातून तलावाचा तुकडा दिसतो ते सांगायच्या. पहिल्यासारखं झालं म्हणणार नाही, पण बरंचसं झालं. मी निवृत्त झाले तेव्हा त्याच म्हणाल्या, "आता जाय तू. माया गुडघा खरंच गेला. तू पाह्य अन् मले सांग." मी एका सहल कंपनीत नाव घातलं.

राजवाडा पाहिला, नदी पाहिली, गवतावर बसून शेवया खाल्ल्या. काड्या आता नीट जमत होत्या. सोकगुरामच्या डोंगरावर झाडीतून मऊ मातीची वाट जाते, दोन्ही बाजूंना खारी पळत असतात. वर गुहेपुढच्या लाकडी दाराशी रांग होती. बाकीच्या बायका आत गेल्या आणि मी मागं थांबून वहिनींना फोन लावला. तिकडं सकाळच्या चहाची वेळ होती.

"पोचली काय वं?"

"दारातच आहे वहिनी. म्हटलं, तुम्हाला विचारून जावं."

त्यांचा आवाज एकदम पूर्वीसारखा झाला, व्हॅनच्या दारातला. "मंग ऐक. मधात नको उभी राहू. काच हाय तिथं, काचीत आपलंच तोंड दिसते. उजव्या हाताच्या खांबाले लागून राह्य अन् जराशी वाक. मंग कपाळावरचा खडा..."

तिथं त्या थांबल्या. फोनमध्ये त्यांच्या गॅलरीतले पारवे ऐकू येत होते.

"शोभा? ते विहीणबाईनं सांगतलं होतं मले."

विहीणबाई अंगावर आलेला काटा सांगतील, थंडी सांगतील, लायनीत उभे राहिलेले लोक सांगतील. कुठल्या खांबाला लागून किती वाकायचं, हे पाहणारं माणूस मला आयुष्यात एकच भेटलं होतं. थेंबांचं मी माफ केलं होतं ते या गुहेच्या जिवावर. उंबऱ्यावर बसून माझ्या तोंडाकडं बघत त्या दुसऱ्यांदा खोटं बोलल्या होत्या, आणि त्यावर मी रडले होते. मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. तो लगेच पुन्हा वाजला. मी तो बंद करून पिशवीत टाकला.

आत गेले आणि मुद्दाम मधोमध उभी राहिले. काचेत माझंच तोंड दिसलं, लाल झालेलं. मागची माणसं सरका सरका म्हणत होती. थोडा वेळ मी हट्टानं तिथंच राहिले. मग उजवीकडच्या खांबाला लागून उभी राहिले आणि जराशी वाकले.

राग तसाच होता. पण तिथूनच दिसत होतं.