मी ओ दिली नाही

तिसरी हाक आली आणि मी उठून दाराला आतून कडी लावली.

झालं ते एवढंच. बाकीचं सगळं त्या कडीच्या अलीकडचं नाहीतर पलीकडचं. हे मी लेकाला सांगितलेलं नाही, सुनेला नाही. देवळात एकटी असतानासुद्धा तोंडातून काढलेलं नाही. आता तुम्हाला सांगते आहे. माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेव्हा शब्द साधेच असतील. पण गोष्टही काही अवघड नाही.

आमची वाडी घोडेगावच्या वर, डोंगरात. एसटी रस्त्यावर सोडते, पुढं चालत यावं लागतं. खाली धरणाचं पाणी दिसतं. माझं माहेर त्या पाण्याखाली आहे. घर, अंगण, आईला जाळलं ती जागा — सगळं. आषाढात त्या पाण्यावरून धुकं उठतं आणि भरदुपारी वर चढून येतं. शहरातलं धुकं वेगळं. आमच्याकडं समोरच्या म्हशीचं दावं हातात असतं आणि म्हैस दिसत नाही. आवाज भलत्याच बाजूनं येतात. माणूस पाठीशी बोलतो आणि पुढं असल्यासारखा वाटतो.

म्हणूनच आमच्यात एक रीत आहे. धुक्यात कुणी नावानं हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. दुसऱ्या हाकेलाही नाही. चकवा दोनदा बोलावतो, तिसऱ्यांदा बोलवायची त्याला ताकद नसते. तिसरी हाक आली म्हणजे माणूस आहे. मग ओ द्यायची आणि उठून जायचं. लहानपणापासून हे पाळत आले. हसायचं तर हसा.

चार-पाच पावसाळ्यांपूर्वी पुण्यात शिकायला आलेली परदेशी पोरं आमच्या वाडीत आली होती. भाताची आवणी बघायला, करायला. त्यांचे सर बरोबर होते. पोरं शाळेत झोपायची, पोरींची सोय घराघरांत केली होती. माझ्याकडं लिन होती, व्हिएतनामची. मराठी शिकायला आलेली. बोलायची पुस्तकातल्यासारखं, सावकाश, एकेक शब्द धुऊन ठेवल्यासारखा. बाकीची पोरं खाचरात घसरून पडत होती. ही मात्र कमरेत वाकली आणि आमच्या बायांसारखी रोपं लावत मागं सरकत गेली. तिची आजी भातच लावते म्हणे.

तिच्या शेजारी योनास. जर्मनीचा, ताडासारखा उंच. त्याचं नाव बायांनी पहिल्याच दिवशी जनूभाऊ करून टाकलं. शेजारची कोंडाबाई त्याला म्हणाली, "जनूभाऊ, रोप लावताय का खांब रोवताय? मुळाला लागंल न्हवं!" तो खदखदून हसला आणि म्हणाला, "कोंडाबाई, मी खांबच आहे." सगळं खाचर हसलं. पावसासाठी डोक्यावर दिलेल्या पानांच्या इरल्यात तो मावत नव्हता, पाय पार भिजून गेलेले.

मी त्यांना हाकांची रीत सांगितली ती तिथंच, बांधावर भाकरी खाताना. योनास म्हणाला, "आजी, भूत दोनदाच का बोलावते? त्याला घाई आहे का?" मी म्हणाले, "तुझ्यासारखं लांब आसंल, घसा दुखत आसंल त्याचा." लिन मात्र हसली नाही. तिनं नीट विचारलं — तिसरी हाक म्हणजे माणूस, नक्की? मी म्हणाले, "नक्की. तिसऱ्या हाकेला मानूस येतंच."

आणि मग तिनं माझं नाव विचारलं. सगळ्यांनी आजी म्हणून चालवलं होतं, हिला खरं नाव हवं होतं. मी सांगितलं, लग्नात नाव बदललं, सासरची सगुणा. माहेरची ठकू. ते नाव मी किती वर्षांनी तोंडातून काढलं असेल? त्या नावानं बोलावणारं एकही माणूस उरलेलं नव्हतं. ती म्हणाली, मी ठकू म्हणू का? मला काय वाटलं कुणास ठाऊक. म्हण, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पोरं वरच्या धबधब्याला गेली. दुपारी धुकं आलं. सर पोरांना घेऊन शाळेत परतले. लिन आणि योनास मागं राहिले होते, ते माझ्या घरी असतील असं शाळेत सगळ्यांना वाटलं. माझ्या घरी मी एकटीच. लेक-सून घोडेगावच्या बाजाराला गेलेली.

मी चुलीशी बसले होते. पत्र्यावर पाऊस बारीक. मग पाऊस थांबला आणि सगळं गप्प झालं. इतकं गप्प की लाकडातला ओलावा सुस्कारत होता तो ऐकू येत होता. आणि घरामागच्या घळीकडून, खाली पाण्याच्या बाजूनं, हाक आली.

"ठकूऽऽ..."

काय वाटलं असेल मला? त्या बाजूला काय आहे — माझं माहेर आहे, पाण्याखाली. मला त्या नावानं आई बोलवायची, संध्याकाळी, असंच लांबवून. मी हलले नाही. रीतच तशी.

दुसरी हाक आली. जवळून आल्यासारखी, पण धुक्याचा काय भरवसा. उंबऱ्यात आमचं कुत्रं झोपलेलं होतं. ते उठलं, कान टवकारले — आणि शेपटी हलवायला लागलं. चकव्याला कुत्रं शेपटी हलवतं का? माझी नजर त्या शेपटीवरच होती. इथपर्यंत मला माफ करता येईल. इथून पुढं नाही.

तिसरी हाक स्वच्छ आली. "ठकू आजीऽऽ!"

माझी आई मला आजी म्हणेल का?

मला कळलं. त्या क्षणी कळलं, नंतर नाही. लोकांना पुढं मागं असं सांगायचं असतं की घाबरले होते, सुचलं नाही. मला सुचलं होतं. लिन आहे, घळीत आहे, आणि ती घळ काय आहे हेही माहीत होतं. पावसाळ्यात तिचे काठ साबणासारखे होतात. माझे गुडघे तेव्हाच गेलेले. ओ दिली की उठून जावं लागतं — हे मीच सांगत आले होते ना? मला जायचं नव्हतं. भीती होती, पण भुताची नव्हती. त्या चिखलाची होती, पडायची होती, मरायची होती. माझं वय काय आणि मरायला घाबरते काय! मनात म्हटलं, दुसरं कुणी ऐकेल. कोंडाबाई ऐकेल. मग कुत्र्याला आत ओढलं आणि कडी लावली.

नुसती ओ दिली असती तरी चाललं असतं. दारातून ओरडून चार माणसं बोलावता आली असती. तेही केलं नाही. का नाही केलं, हे मी खूपदा विचारलं आहे स्वतःला.

चौथी हाक आली नाही. हे मला सगळ्यात जास्त... तिसऱ्या हाकेला माणूस येतंच, असं मी तिला सांगितलं होतं. तिनं बरोबर तीन हाका मारल्या आणि गप्प राहिली. माझी वाट बघत.

दिवस कलताना सर आणि किसन, कोंडाबाईचा नवरा, दारात आले. मी कडी काढली.

"वहिनी, ती पोरगी हाय का घरात? आन जनूभाऊ?"

"न्हाई."

"आवाज बिवाज आला का कुठनं?"

"न्हाई बा. काईच न्हाई."

किती सोपं असतं, बघा. किसन म्हणाला, "मंग वरच असतील, धबधब्याकडं," आणि वाडीतली झाडून सगळी माणसं, बॅटऱ्या घेऊन, वरच्या अंगाला गेली. मी उंबऱ्यात उभी राहून त्यांना जाताना पाहिलं. तेव्हाही सांगता आलं असतं. पण मग विचारलं असतं, आवाज आला तर गेली का नाहीस?

उजाडताना सापडले. माझ्या घरामागं, हाकेच्या अंतरावर. वाट चुकून योनास आधी घसरला होता. लिन त्याच्यामागं उतरली. तिथं फोनला रेंज नाही. तिनं आपली ओढणी फाडून त्याचा रक्ताळलेला पाय बांधला, मग अर्ध्या घळीपर्यंत चढून आली, वरचा काठ निसरडा म्हणून तिथूनच मला हाका मारल्या आणि परत त्याच्याजवळ जाऊन बसली. हे तिनंच सांगितलं. हाका मारल्या तेव्हा तो बोलत होता, हेही सांगितलं. म्हणाली, त्याला सांगितलं की आजी येतील.

तिला माझ्याच घरात आणलं, घोंगडीत गुंडाळून चुलीपुढं बसवलं. मी चहा पुढं केला. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि त्या धुतलेल्या शब्दांत म्हणाली, "आजी, तुम्हाला ऐकू आले नसेल. पाऊस होता."

पाऊस नव्हता. तिला माहीत होतं, मला माहीत होतं.

मी म्हणाले, "कान गेल्यात गं माझं."

ते वाक्य मला तेव्हापासून पाळावं लागतं आहे. कान गेलेली बाई म्हणून वाडी माझ्याशी ओरडून बोलते. नातवानं पुण्याहून कानाचं मशीन आणून दिलं. ते घातलं की भांडं पडलं तरी डोक्यात घण बसतो. मी घालते. सून माझ्याबद्दल माझ्यासमोर बोलते, मी ऐकते आणि ऐकलं नाही असं दाखवते. माझे कान शाबूत आहेत. पिंपळाचं पान पडलेलं मला कळतं. धुकं आलं की सगळी घरात जातात, मी पडवीत बसते. कुणी हाक मारत नाही.

लिन तिच्या देशात गेली. भात लावते की शिकवते, मला माहीत नाही. योनासचे आई-बाप आले होते, मी त्यांच्यासमोर गेले नाही.

दोघं त्या घळीत उतरले होते. लिन जिवंत वर आली. योनास रात्रीच गेला.