अण्णांचं ‘बे’

अण्णा गेले. आज नववा दिवस, आणि नऊ दिवस मी ही पोस्ट टाळतोय.

रोज फोन हातात घेतो, दोन ओळी लिहितो, मग आठवतं की चप्पल शिवून आणायचीय. नाहीतर बार्शीच्या एसटीची वेळ विचारून यायचंय.

बार्शीला माझं काहीच काम नाही.

तर अण्णा. भवानी पेठेतले माझे घरमालक. मी इथं दोन दिवसांसाठी खोली मागितली होती. सात महिने झाले. दोन दिवस संपले, असं त्यांनी किंवा काकूंनी एकदाही सुचवलं नाही.

सत्तरच्या दशकात ते महापालिकेत अकाउंट्सला होते. मी बारावी अर्ध्यात सोडलेला, टक्केवारी अजून बोटांवर करतो. तरी बजेट म्हणजे काय ते मला कळलं. त्यांच्या ओट्यावर, शेंगा फोडत.

त्या दशकातलं एक साल वाईट होतं. दुष्काळ नुकता सरलेला. गिरण्यांत काम कमी, मागांवर सूत नाही. शहरात येणाऱ्या मालावर तेव्हा जकात बसायची, तीच मोठी कमाई. माल येईना, तर जकात कुठून येणार?

नाक्यावरचा एक कारकून त्या वर्षात म्हणे बसल्या बसल्या बासरी शिकला. पुढे लग्नाच्या बँडमध्ये गेला.

असो. भरकटलो.

खर्च मात्र तेवढाच. साहेबांनी अण्णांपुढे यादी टाकली. काय ठेवायचं ते ठरवा, बाकीचं काढा, पण जमा-खर्च जुळला पाहिजे.

अडचण अशी की प्रत्येक नगरसेवकाचा एकेक खर्च लाडका. कुणाचं कारंजं, कुणाची स्वागत कमान. हात लावला की सभा पेटायची.

आता मुख्य गोष्ट. अण्णा लिहायचे मराठीत, विचार करायचे कन्नडमध्ये. घरची भाषा ती. काही झालं तरी जे राहिलंच पाहिजे, त्याच्यापुढे त्यांनी पेन्सिलीनं ‘बे’ लिहिलं. बे म्हणजे बेकु. पाहिजे.

दवाखान्याची औषधं, बे.
टँकरचं डिझेल, बे.
प्रसूतिगृहातली दाई, बे.

आणि अगदी शेवटी, हंगामी टायपिस्ट, एक जागा. बे.

त्या जागेवर गिरिजाबाई होत्या. अक्कलकोटकडच्या, तेव्हा विशीतल्या. वडील नाहीत, पाठचे दोन भाऊ शाळेत. हंगामी लोकांना आधी काढणार, हे ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं. ही जागा जाऊ द्यायची नाही, असं अण्णांनी मनाशी ठरवलेलं. तिला मात्र बोलले नाहीत. आधी आशा लावायची आणि मग सभेनं कापायचं, म्हणजे पोरीला दोनदा रडवणं, असं त्यांचं म्हणणं.

यादी तिच्या टेबलावर ठेवली, खुणा बघून टाइप कर म्हणाले, आणि बहिणीच्या लग्नाला निघून गेले.

गिरिजाबाईंच्या घरीही कन्नडच.

त्यांनी ‘बे’ वाचलं. बेडा. नको.

जे नको ते सगळं त्यांनी गाळलं. औषधं, डिझेल, दाई. आणि शेवटी स्वतःची जागा.

इथं आले की अण्णा दर वेळी शेंग फोडायचे थांबायचे.

"स्वतःच्या हातानं गाळली रे पोरीनं. विचारलंसुदिक न्हाय."

का नाही विचारलं, तेही त्यांना तिनंच नंतर सांगितलं होतं. जिथं औषधं काढलीत तिथं माझं काय विचारायचं, असं तिला वाटलं.

अण्णा परत आले ते थेट सभेत. पेठेतले एक विणकर नगरसेवक उभे राहून यादी वाचत होते. दवाखान्यात औषध नाही, पण पाहुण्यांना हार आहेत. टँकरला डिझेल नाही, पण कारंजं चालू आहे.



साहेबांनी विचारलं, हे कुणी केलं. अण्णा उठले. माझी चूक, म्हणाले.

दाराशी गिरिजाबाई प्रती वाटायला उभ्या होत्या. त्या पुढं आल्या.

"त्यांची न्हाय. त्यांनी बेडा लिवलं हुतं, मी काढलं."

अण्णा तिच्याकडे वळले.

"अगं बेडा कुठलं? बेकु की."

अर्ध्या सभेला कन्नड येत होतं. ते हसले. मग उरलेल्यांना कुणीतरी समजावलं, तेही हसले. साहेबसुद्धा, फायलीत तोंड घालून.

हसणं थांबल्यावर ते विणकर नगरसेवक म्हणाले, "कागद बरूबर हाय. फकस्त उलटा करा. गाळलंय ते ठेवा, ठेवलंय ते गाळा."

औषध नको, मला कमान पाहिजे, असं त्या दिवशी कोण म्हणणार?

जमा-खर्च जुळला. थोडं कमी पडलं, ते सभेतला चहा-नाष्टा बंद करून. त्याच्यावरून मात्र भांडण झालं. लई मोठं.

गिरिजाबाईंची जागा राहिली. पुढं कायम झाली. भाऊ नोकरीला लागल्यावर त्यांचं लग्न झालं, त्या कलबुर्गीला गेल्या. नंतर पत्ता राहिला नाही.

मी एकदा विचारलं, अण्णा, तुम्ही पूर्ण शब्द लिहिला असता तर?

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी बारावी का सोडली ते त्यांना आत्ता कळलं.

"मग कारंजं ऱ्हायलं असतं की."

समाधानी माणूस होता. रात्री पडल्या पडल्या झोप लागायची, गेले तेही तसेच, झोपेत.

अण्णा, मी कुठल्याच गावात इतका टिकलो नव्हतो. नीट जा. तुम्हाला मनापासून नमस्कार.

एवढं लिहून पोस्ट करणार होतो, तर दारात रिक्षा थांबलीय. पांढऱ्या केसांच्या एक बाई उतरल्यात, आधी काठी, मग त्या. कुणी कळवलं ठाऊक नाही. कलबुर्गीहून आले, म्हणतायत.

काकूंनी नाव विचारलं.

गिरिजा, म्हणाल्या.

काकूंनी हात धरून आत नेलंय.