व्याह्यांचा पहिला झुरका

माझ्या मुलानं कोणाला डुप्लिकेट माल दिला नव्हता. अकोल्याच्या सोयऱ्यांपैकी कोणी हे पुढं वाचलं नाही तरी चालेल, म्हणून ते आधीच लिहून टाकतो.

मुलगा परदेशी नोकरीला असतो. माझी बिडी सुटावी म्हणून त्यानं एक वेप, म्हणजे वाफ ओढायची विजेरी सिगारेट, आणलं, आणि व्याह्यांचा, म्हणजे माझ्या मुलीच्या सासऱ्यांचा, तंबाखूचा खर्रा सुटावा म्हणून तसंच दुसरं. आपल्याकडे या वस्तूवर बंदी आहे हे मी त्याला नंतर सांगितलं. परत घेऊन जा, असं मात्र सांगितलं नाही. बायकोला म्हटलं, सर्दीच्या वाफाऱ्याचं यंत्र आहे. व्याह्यांनीही अकोल्याला घरी तेच सांगितलं. आमचं काही ठरलेलं नव्हतं. दोघांना एकच थाप सुचली याचं मला तेव्हा कौतुक वाटलं होतं.

अर्क भरायच्या दोन काचेच्या टाक्यांपैकी एक सामानात फुटली. यंत्रं दोन आणि टाकी एक, त्यामुळं वाफारा घ्यायचा तर दोघांनी एकत्र यायला हवं. कधी ते अमरावतीला, कधी मी अकोल्याला. मुलगी मैत्रिणींना सांगायची, आमच्या व्याह्या-व्याह्यांइतकं प्रेम कुठं पाहिलं नाही.

ओढण्याची रीत ठरलेली होती. उष्टं नको म्हणून ज्याची त्याची तोंडाची नळी वेगळी, यंत्र वेगळं. टाकी यंत्रावर फिरवून बसवली की टाकीतल्या कॉइलचा, म्हणजे तापून अर्काची वाफ करणाऱ्या तारेचा, रेझिस्टन्स यंत्राच्या पडद्यावर येई. पहिला मान अर्थातच पाहुण्याचा. अमरावतीला ते पाहुणे. त्यांच्या यंत्रावर पॉइंट पन्नास ओहम दिसायचं. त्यांचे दोन-चार झुरके झाले की टाकी माझ्याकडे, आणि माझ्यावर पॉइंट अठ्ठावन्न. घरच्या माणसाचं थोडं जास्तच असायचं, असं समजलो.

मग अकोल्याला गच्चीवर बसलो. तिथं पाहुणा मी, म्हणून आधी मी ओढलं. माझ्यावर पॉइंट पन्नास आलं. त्यांनी टाकी लावली, तर पॉइंट अठ्ठावन्न.

"अमरावतीले तं बरोबर दाखवे," ते म्हणाले. "माह्याच घरी याले काय झालं?"

आधी त्यांनी अकोल्याच्या उन्हाला दोष दिला, मग खाऱ्या पाण्याला. मग माझ्याकडे पाहिलं.

"इवाईबुवा, तुमी मशीन बदलली."

"मी कायले बदलीन?"

"मंग तुमचं कावून पन्नास दाखवून राहिलं? तुमच्या पोरानं एक असली आणलं, एक डुप्लिकेट. असली तुमी ठेवून घेतलं."

टाकी हातात घेतली तेव्हा बोटाला चटका बसला, आणि सगळा उलगडा झाला. मी जन्मभर मोटारी वाइंड केल्या. तार तापली की रेझिस्टन्स वाढतो. तापलेल्या मोटारीला मीटर लावू नये, हे दुकानात आलेल्या प्रत्येकाला मीच शिकवलं. ज्याचा पहिला मान त्याला थंड कॉइल मिळत होती, दुसऱ्याला तापलेली. यंत्रांत काही खोट नव्हती.

"अहो, हे तापलं म्हणून," एवढंच मी बोललो, तेवढ्यात विहीणबाई चहा घेऊन वर आल्या. "काय तापलं म्हणता?" त्यांनी विचारलं. खरं सांगितलं तर सर्दीच्या वाफाऱ्यात झुरके कुठून आले, हेही मला सांगावं लागणार होतं. मी म्हणालो, "चहा."

व्याह्यांचं येणं थांबलं. नातवाचं जावळ ठरलं तेव्हा मुलीचा रडत फोन आला. जावळाला मूल मामाच्या मांडीवर बसवतात, आणि मामा एकच. पण सासरे म्हणत होते, "त्या डुप्लिकेटवाल्याच्या मांडीवर मी नातू बसवत नाही. दुसरा मामा पाहा."

"बाबा, दादानं असं काय दिलं हो त्याइले?"

मी म्हणालो, पाहतो. मुलानं रजा घेऊन तिकीट काढलं होतं.

जावळाच्या दिवशी अकोल्याला व्याह्यांच्या अंगणात न्हावी वस्तऱ्याला धार लावून बसला होता. मुलगा भाच्याचे नवे कपडे घेऊन फाटकाशीच उभा होता, कारण त्याला आत या म्हणायला कोणी जाईना. मी मुलीकरवी व्याह्यांचं यंत्र आतून मागवलं आणि न्हाव्याच्या पाटाशेजारी दोन्ही यंत्रं मांडली. न ओढता थंड टाकी माझ्या यंत्राला लावली, पॉइंट पन्नास. व्याह्यांच्या यंत्राला लावली, तिथंही पन्नास. लोकांना काहीच कळलं नाही. व्याही मात्र चष्मा लावून वाकले.

"ओढल्यावर आकडा वाढते. घ्या, ओढून पाहा," मी म्हणालो.

त्यांनी विहीणबाईंकडे पाहिलं. "तुमी पाहुणे. आधी तुमी."

मी माझ्या बायकोकडे पाहिलं. "नाही, घर तुमचं. आधी तुमी."

"असं कसं? मान तुमचा."

"मान राहू द्या आज."

न्हावी म्हणाला, "आजोबा, पोरगं झोपून राहिलं." तेव्हा मी डोळे मिटले आणि सगळ्यांच्या देखत चांगले तीन-चार झुरके घेतले. अंगणभर आंब्याचा वास सुटला.

"हाच का सर्दीचा वाफारा?" बायको म्हणाली.

मी टाकी व्याह्यांच्या यंत्राला लावली. पॉइंट अठ्ठावन्न.

त्यांनी चष्मा पुसून आकडा पुन्हा पाहिला. "म्हंजे माह्यावालं असली आहे?"

"असलीच आहे. मले तवाच समजलं होतं. बोललो नाही."

त्यांनी मला जे काय म्हटलं ते इथं लिहीत नाही. मग फाटकाकडे वळून ओरडले, "ओ मामा! तिथं काय उभे? बसा ना पाटावर!"

मुलगा बसला. नातू जागा होऊन भोकाड पसरून रडला, आणि जावळाचे केस मामाच्या नव्या पॅन्टवर पडले. दोन्ही यंत्रं दोघी विहिणींनी न्हाव्याच्या बादलीत बुडवली. तिथं मात्र कोणी 'आधी तुम्ही' म्हटलं नाही.

पण अंगणातल्या बऱ्याच जणांना कॉइलचं काही समजलं नाही. समजला तो फक्त एक शब्द. माझ्या मुलाला अकोल्यात अजून डुप्लिकेटमामा म्हणतात. नातूही आता बोलायला लागलाय, आणि फोनवर तो त्याच नावानं हाक मारतो. मुलगा हसतो, 'काय भाचेबुवा' म्हणतो. मी फोन बायकोकडे देतो आणि बाहेर जाऊन बसतो.