झाळवाच्या फुफ्फुसांसाठी हस्तिनापूरपर्यंत

"ते मधलं प्रकरण तेवढं काढून टाका," असं संपादक फोनवर म्हणाले आणि मी दोन दिवसांची रजा टाकली.

मी गुडगावात एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. पुण्याहून इकडे आल्यापासून, रोज सकाळी लॉगिन करायच्या आधी थोडं थोडं करत, मी एक कादंबरी लिहिली. तिच्यात झाळव नावाचा प्राणी आहे. खवल्यांचा, पंखांचा, खोल घळींत राहणारा, शत्रूवर उकळती वाफ फेकणारा. ड्रॅगनचा लांबचा भाऊ म्हणा. घळीतली माणसं त्याला राक्षस समजून मारतात आणि माझी नायिका मधल्या प्रकरणात त्याला नीट बघते. तो काय खातो, श्वास कसा घेतो, अंडी कशी राखतो. ते प्रकरण काढलं की झाळव पुन्हा राक्षस झालाच.

"अहो, कल्पनेतला प्राणी," संपादक म्हणाले. "त्याची फुफ्फुसं कोण तपासणार?"

मी तपासणार होते. आठवड्याभरात उत्तर द्यायचं होतं.

सोबतीला माझी मोठी नणंद ज्योतीताई. त्या नोएडात गुरांच्या डॉक्टर आहेत. म्हणजे आता बहुतेक लॅब्रेडॉरच्या, पण नोकरीची पहिली वर्षं म्हशींत गेली. मी प्रकरण त्यांना पाठवलं तेव्हा एकच ओळ आली होती: "हा मेलेला आहे. सांगू का कसा?" अशा माणसाबरोबर सहलीला जाण्यात मजा असते.

पहिल्या दिवशी मेट्रोने बोटॅनिकल गार्डनला उतरले, तिथून ताईंची गाडी. ग्रेटर नोएडाच्या पुढे धनौरी नावाचं पाणथळ आहे, तिथे सारस बघायचे होते. उडणाऱ्या पक्ष्यांत सारस सगळ्यांत उंच. जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा: आम्ही गेलो तेव्हा तिथे ना तिकीट, ना पाटी, ना चहा, ना बाथरूम. शेवटचा रस्ता शेतातून जातो, ओला असेल तर गाडी आधीच लावून चालत जा. आम्ही घरूनच मेथीचे पराठे आणि थर्मास नेला होता. धुकं इतकं की पाणी कुठे सुरू होतं ते बूट भिजल्यावरच कळलं.

"सांग, किती मोठा तुझा झाळव?" ताईंनी पराठा खात विचारलं.

"म्हशीएवढा."

"म्हैस उडत नाही गं. आणि पाय चार, वर पंख दोन? सहा अवयव? पाठीचा कणा असलेला असा एक प्राणी दाखव मला. पंखांचे स्नायू लावणार कुठे, पुढच्या पायांचे कुठे? खांद्यात जागा आहे का?"

मला राग त्यांचा आला नव्हता. त्या बरोबर होत्या. इतकी वर्षं मी एक न उडणारी म्हैस जपली होती. तिथेच, त्या चिखलात, वाटून गेलं की संपादकांना हो म्हणावं आणि मोकळं व्हावं.

तेवढ्यात धुक्यातून आवाज आला. सारसांची जोडी. आधी नुसते लाल माथे दिसले, मग माणसाएवढी उंच राखाडी शरीरं. मोटरसायकलवरून चाललेले एक काका थांबले.

"मैडम, फोटो लेनी है तो उधर से लो."

"फोटो नहीं भैया, टांगें देखनी हैं," मी म्हटलं. काका माझ्याकडे आणि मग ताईंकडे बघून निघून गेले.

जोडी उडाली. उडाली म्हणजे आधी धावली. पंख उघडून, पाणी उडवत, जड पावलं टाकत धावली आणि मग कुठे जमिनीपासून सुटली. मी बघत राहिले. म्हशीपुढे हा एवढासा पक्षी, हाडं पोकळ, तरी त्याला धावावं लागतं. त्याच्याकडे जमीन ढकलायला पायच काय ते दोन. पंख तर हवेत.

"ताई," मी म्हटलं, "वटवाघूळ जमिनीवरून कसं उठतं?"

"काही जाती पंखांवरच उडी मारतात. हातांनी जमीन ढकलून."

"मग पुढचे पाय काढले. पंख हेच त्याचे पुढचे पाय. तो त्यांच्यावर चालतो आणि सगळा जोर त्यांच्यातच. त्यांनीच जमीन ढकलतो."

ताईंनी पराठा डब्यात ठेवला. "आणि म्हैस?"

"म्हैस नाही. वासरू. पण उडणार. उडणारच."

"बघू," त्या म्हणाल्या. गाडीत बसल्यावर त्या बराच वेळ हवेत खांदा फिरवून बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी हस्तिनापूर. नोएडाहून मेरठ एक्सप्रेसवे सरळ आहे. थंडीत मात्र धुकं विरेपर्यंत निघू नका, पुढचा ट्रक दिसत नाही. मेरठनंतर मवानाच्या रस्त्याला उसाच्या ट्रॉल्याच ट्रॉल्या. वाटेत एका कोल्हूवर थांबलो. कोल्हू म्हणजे आपलं गुऱ्हाळ. पळसाच्या पानावर गरम गूळ मिळाला, त्यात आलं किसलेलं. ताईंनी दोनदा घेतला आणि साखरेवर मला भाषण दिलं.

हस्तिनापूरला लोक महाभारतासाठी जातात. आम्ही पुढे गंगेवर गेलो, घडियाल नावाची मगर बघायला. होडीवाल्याशी भाव आधीच ठरवा, आणि टोपी न्या; पाण्यावरचा वारा कान कापतो. ऊन पडलं आणि वाळूच्या पट्ट्यावर तो दिसला. लांबलचक, बारीक जबडा उघडा टाकून पडलेला, नाकावर मडक्यासारखा गड्डा. खरं सांगते, हा प्राणी मी कादंबरीत लिहिला असता तर "फारच अतिरंजित" म्हणून कुणीतरी परत पाठवला असता.

"याचे नर पिल्लं राखतात," ताई हळू आवाजात म्हणाल्या. "पाठीवर घेऊन बसतात."

नंतर, एखादी गोष्ट मनाविरुद्ध कबूल करावी तशा म्हणाल्या, "पक्ष्यांच्या फुफ्फुसात हवा एकाच दिशेने वाहते. आपल्यासारखी आत-बाहेर नाही. उडायला लागणारा दम त्यातूनच येतो. आणि मगरींच्या कुळातही तसंच सापडलंय. कालचा सारस आणि हा, नातेवाईक आहेत."

"म्हणजे खवले आणि उडण्याचा दम, एकाच शरीरात?"

"अशक्य नाही, एवढंच म्हणतेय मी."

तेवढ्यात फोन वाजला. संपादक. आठवडा संपला नव्हता, पण त्यांना घाई होती.

"काय ठरलं, मॅडम?"

"प्रकरण राहील," मी म्हटलं. "आणि थोडं वाढेल. त्याचे दोन पाय कमी झालेत."

"कसले पाय? अहो, असं असेल तर आम्हाला जमणार नाही हं. वाचकांचा विचार करा."

"वाचकांना तुम्ही कमी समजता," मी म्हटलं. आवाज थोडा चढला असावा, कारण घडियालाने जबडा मिटला आणि सरपटत पाण्यात शिरला. "नाही जमलं तर राहू दे."

फोन ठेवला. ताईंनी उरलेला गूळ पुढे केला.

घरी येऊन आता दोन महिने झाले. कादंबरीला अजून प्रकाशक नाही. दुसऱ्या दोघांनी नकार दिला, तिसऱ्याने उत्तरच दिलेलं नाही. ते प्रकरण मात्र जवळजवळ दुप्पट झालंय. झाळव आता वासराएवढा आहे, पंखांवर चालतो, उतरताना धडपडतो, आणि बाप अंड्यांवर पहारा देतो. कुणासाठीही मी त्यातली ओळ काढणार नाही. या सहलीतून काय मिळालं असं विचाराल तर हेच: आधी मी त्याच्यासाठी हट्ट करत होते, आता मला त्याची खात्री आहे.

परवा भर दुपारी, क्लिनिकच्या वेळेत, ताईंचा फोन आला. मागे कुत्री भुंकत होती.

"अगं, एक सांग. झाळवाला ताप आला तर तू ओळखणार कसा? त्याचं अंग मुळात गरमच ना?"

मी मीटिंगचा कॅमेरा बंद केला आणि विचार करायला लागले.